मुदत संपली, उद्यापन राहिलं

जुगारापासून स्वतःहून लांब राहिलेला माणूस ठरवलेली मुदत संपल्यावर पुन्हा खेळायला आला, तर त्याला आधी काय शिकवावं? परवा एका चर्चेत यावर तासभर जे ऐकलं त्याचं सार दोन शब्दांचं होतं: गणित शिकवा. युरोपातल्या रूलेच्या चाकावर ३७ घरं आणि जिंकलात तर एकास पस्तीस, म्हणजे लावलेल्या दर शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे गेलेच. दहा वेळा लाल आलं म्हणून अकराव्या वेळी काळं येईलच असं नाही. हे डोक्यात शिरलं की माणूस सुज्ञ झाला, पुढचं त्याचं तो बघेल.

आपल्याकडे बंदी घालतं ते सरकार. गोव्यात फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मज्जाव आहे; २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले. आपणच आपल्या नावावर फुली मारायची, म्हणजे मला आत घेऊ नका असं जुगारघराला लिहून द्यायचं, या कल्पनेवर आपण फारसा विचार केलेला नाही. ती पहिल्यांदा आली १९८९ मध्ये, कॅनडातल्या मॅनिटोबात. अमेरिकेत मिझुरीने १९९६ मध्ये अशी फुली जन्मभराची केली; पुढे, नाव घातल्यावर पाच वर्षांनी ते काढून घ्यायची वाट ठेवावी लागली. जन्मभरवाल्यांशी माझा वाद नाही, त्यांना अनुभवाने उत्तर दिलं आहे. सगळा जुगारच बंद करा म्हणणाऱ्यांनी बंदीनेही न थांबलेला मुंबईचा मटका आठवावा.

वाद आहे तो गणितवाल्यांशी. २००४ मध्ये ब्लाझचिन्स्की, लादुसर आणि शेफर या तिघांनी मांडलेलं ‘रेनो मॉडेल’ हे त्यांचं माहेर. खेळायचं की नाही हा निर्णय शेवटी ज्याचा त्याचा; इतरांनी तो माहितीपूर्वक घेता येईल एवढं बघावं. वाचायला फार सभ्य. पण परत येणाऱ्याला माहिती कमी पडली होती, हे कुणी सांगितलं? ज्याने स्वतःच्या सहीने दार लावून घेतलं त्याने शंभराला किती जातात हे वर्गात नव्हे, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवताना शिकलेलं असतं. त्याला संभाव्यता समजावणं म्हणजे बुडून वर आलेल्याला पाण्याची खोली सांगणं. कोवळ्या पोराला, अजून एकही डाव न लावलेल्याला, हे गणित जरूर शिकवा. परतणाऱ्याला शिकवता तेव्हा फायदा शिकवणाऱ्याचा होतो: आम्ही सांगितलं होतं, असं म्हणायला तो मोकळा.

चर्चेत एकाने महाभारतातल्या नळराजाचा दाखला दिला. ऋतुपर्ण राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या मिळाली आणि त्याच क्षणी त्याला जुगारात ओढणारा कली अंगातून बाहेर पडला. ज्ञानाने कली जातो, आणखी काय पुरावा हवा? दाखला चांगला आहे, म्हणून सोडवत नाही. एक तर ती विद्या जिंकण्याची होती. नळ ज्या भावाकडे राज्य हरला होता त्या पुष्कराशी एक डाव खेळून राज्य घेऊन घरी गेला. कॅसिनोच्या चाकापुढे बसणाऱ्याला अशी विद्या कोण देणार? आणि दुसरं, जे कुणी वाचतच नाही: कली गेल्यावर नळ थेट पुष्कराकडे गेला नाही. आधी तो बायकोला, दमयंतीला भेटला. ती त्याला पारखत राहिली: आधी दासी पाठवून, मग त्याने शिजवलेलं चाखून, मग मुलांना त्याच्यासमोर धाडून. सगळं हरल्यावर त्याने तिला रानात झोपलेली सोडली होती, त्याचा जबाब तिच्यासमोर दिला. फासे नंतर.

असाच क्रम मी घरीही पाहिला. आजी चातुर्मासात वांगं सोडायची. कार्तिकीनंतर ते पुन्हा ताटात यायचं, पण सरळ नाही. आधी परडीत चार वांगी, वर शिधा, हे कुणाला तरी द्यायचं आणि घरच्यांसमोर म्हणायचं, ‘सोडलं होतं, आता घेते.’ आम्हा पोरांना हसू यायचं. पण व्रत मोडणं आणि उद्यापन करणं यातला फरक मला त्या परडीने शिकवला. मोडणं एकट्याने होतं. उद्यापनाला समोर कुणीतरी लागतं.

ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ नावाच्या यादीवर सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं स्वतःला बंद करता येतं. मुदत संपली म्हणून दार आपोआप उघडत नाही. आपण होऊन मागावं लागतं, वर चोवीस तास थांबावं लागतं. गणिताच्या वर्गापेक्षा मला हे चोवीस तास मोलाचे वाटतात. तरी त्या मागणीत घरचं कुणी नसतं. नाव घालतानाच खेळणाऱ्याने एक माणूस नेमावा आणि परतताना त्याच्यासमोर बसून बोलावं, एवढंच माझं म्हणणं. प्रौढाच्या खासगीपणावर हे आक्रमण आहे, हे मला कळतं. काही घरं अशीही असतात जिथे हे बोलणं धोक्याचं ठरेल. म्हणून माणूस त्यानेच निवडावा, बायको असो, मित्र असो, पूर्वीचा सावकार असो. त्या माणसाला नकाराधिकार नको. त्याने फक्त समोर असावं.

मग कित्येक जण परत येणारच नाहीत, असा आक्षेप चर्चेत आला. तो आक्षेप कसा, हे मला अजून कळलेलं नाही.