विकतचं भोजनदान

विकत आणलेलं अन्न भिक्खूच्या पात्रात घातलं, तर ते दान कुणाचं? रांधणाऱ्या बाईचं, की पैसे मोजणाऱ्या माझं?

बँकॉकमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या बौद्ध बाईला हा प्रश्न टाळता येत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भात-रश्श्यांचं छोटं दुकान आहे. मालकीणबाईंना सगळे ‘पा’, म्हणजे मावशी, म्हणतात. त्या पळीभर रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ओततात, आत हवा कोंडून तोंड पिरगळतात आणि त्यावर रबर असं गुंडाळतात की पिशवी टम्म फुगते, पण थेंब सांडत नाही. कामावर निघालेली माणसं इथूनच जेवण बांधून नेतात. त्यातलीच एक पिशवी भिक्षेला अनवाणी आलेल्या भन्तेंच्या पात्रात जाते. देणारा चपला काढतो, गुडघ्यांवर बसतो, हात जोडून गाथा ऐकतो.

नागपूरहून आलेल्या आईला हे पटलं नाही. वर्षावासात भोजनदान असलं की ती आदल्या रात्रीपासून तयारीला लागते. “पोरी, भन्तेजींना वाढायचं ते आपल्या हातचं असावं. पैसे काय, कुणीही देईल,” ती म्हणाली.

तिचं म्हणणं मी सहज सोडून देऊ शकत नाही. स्वतः रांधणारा आपला वेळ देतो, झोप देतो. पण धम्मात कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे कृतीमागच्या हेतूत, आहे. पावा गावच्या चुंदाने दिलेलं भोजन बुद्धांचं अखेरचं ठरलं, त्यानंतर त्यांचं दुखणं बळावलं. तरीही चुंदाला पश्चात्ताप होऊ नये म्हणून बुद्धांनी शिष्य आनंदाला सांगून ठेवलं, की बोधीपूर्वी मिळालेल्या भोजनाइतकंच या भोजनाचं पुण्य मोठं आहे. पदार्थाने पुढे काय केलं, यावर दात्याचं माप काढलं नाही.

मग मनात श्रद्धा असली की पुरे? मला तसं वाटत नाही. चुंदाला पुढचं ठाऊक नव्हतं, आपल्याला ठाऊक आहे. थायलंडमध्ये भिक्खूंमधला लठ्ठपणा आणि मधुमेह हा गंभीर प्रश्न झाला आहे. 2017 साली त्यांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय सनदच करावी लागली. भिक्खू स्वतः रांधत नाही, अमुकच द्या म्हणत नाही. पात्रात पडेल ते मध्यान्हापूर्वी खातो. म्हणजे निवड बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. नारळाच्या दुधाचा दाट रस्सा आणि साखरेचं पेय डोळे मिटून पात्रात टाकलं, तर ती चेतना अपुरीच. कष्ट विकत घेता येतात. काळजी मात्र आपली आपणच घ्यावी लागते.

म्हणून मी पांना विचारून घेते: आज गोड कशात कमी आहे, उकडलेली भाजी आहे का, मासा ताजा आहे का. भिक्षेसाठी आहे म्हटलं की त्या पातेल्याच्या तळापर्यंत पळी घालून भाज्यांचे तुकडे वर काढतात. तेव्हा दान कुणाचं, हा वाद मला उरत नाही. दुसऱ्याच्या पुण्यात आनंद मानणं हेही पुण्यच, असं धम्म सांगतो. पुण्यानुमोदन ते हेच. पांनी हात दिला, मी लक्ष दिलं. दोघींचं मिळून ते एक दान झालं, आणि आईच्या हातच्या भोजनाहून ते उणं आहे असं मी मानत नाही.