लाल बटण

तेलगावच्या चौकात, परळी रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या पॉवर सप्लायच्या मागच्या बाजूला एक छोटं लाल बटण असतं. एकीकडे सरकवलं की ११५ दिसतं, दुसरीकडे २३०. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. एकदा पुण्याहून आलेला जुना सप्लाय मी बटण न बघता लावला. धडाका झाला, दुकानभर जळका वास.

उघडून बघितल्यावर कारण कळलं, बटण ११५ वर होतं. ११५ वर आतली जोडणी येणाऱ्या व्होल्टेजचं शिखर दुप्पट करते. दोन मोठे कपॅसिटर आळीपाळीने भरतात, त्यांची बेरीज सव्वातीनशेच्या आसपास. २३० वर दुप्पट करणं थांबतं, तरी आत तेवढेच सव्वातीनशे तयार होतात. पुढचं यंत्र दोन्हीकडे एकच. पण ११५ वर असताना २३० आले, तर त्या सव्वातीनशेचेही दुप्पट होतात, साडेसहाशे! उलट चूक झाली तर काही जळत नाही, सप्लाय नुसता चालू होत नाही.

तेव्हा मला आई आठवली. धाकटा भाऊ उसाच्या ट्रॉलीखाली गेला, त्या रात्री एक जाणते गृहस्थ तिला म्हणाले, "रडू नका, देह नाशिवंत आहे, आत्मा मरत नसतो." बोलणं खोटं नव्हतं. पण आईच्या आत त्या वेळी प्रत्येक शब्द दुप्पट होत होता. तिने ते असं ऐकलं, की पोरासाठी रडणंच अज्ञान. त्यानंतर महिनाभर ती कोणाशी बोलली नाही. शेजारची मावशी रोज पिठलं-भाकरी घेऊन यायची, गप्प बसायची, तेवढंच आईला सोसत होतं.

ऐकणाऱ्याची तयारी बघून ज्ञान द्यावं, याला आपल्याकडे 'अधिकार' बघणं म्हणतात. या शब्दाचा फार वाईट वापर झाला. बायकांना, दलितांना जन्मावरून ज्ञानापासून दूर ठेवलं. ते मला साफ अमान्य आहे. बटण कोणाच्याही जन्माबरोबर पक्कं बसवलेलं नसतं, ते सरकतं. पण सांगणाऱ्याने आधी ते बघावं, एवढं मात्र त्या शब्दात खरं आहे.

मग कृष्णाने ऐन रणांगणात शोकाकुल अर्जुनाला तेच कसं सांगितलं? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. गीतेचा दुसरा अध्याय पुन्हा वाचला. सातव्या श्लोकात अर्जुन शरण येतो, मी शिष्य आहे, मला शिकव, असं स्वतः म्हणतो. आत्म्याचा उपदेश सुरू होतो तो अकराव्यापासून. बटण अर्जुनाने स्वतः सरकवलं होतं.

भावाचं वर्षश्राद्ध झालं त्या रात्री आई ओट्यावर बसली होती. कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांचे घुंगरू ऐकू येत होते. ती म्हणाली, "आत्मा म्हंजी नेमकं काय रं? त्यो कुठं आसंल आता?"

मी देवळीतली ज्ञानेश्वरी काढली आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.