निरूपणकर्त्याचा अभ्यास

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर म्हाइंभटांनी लीळा संग्रहिल्या, त्या विद्येच्या बळावर नव्हे. सराळ्याचे हे शास्त्रपारंगत पंडित. तरी श्रीनागदेवाचार्यांना पुसत, भक्तांच्या गावोगावी जात. त्याच लीळांतून पुढे केसोबासांनी सूत्रे निवडली. म्हणून सूत्राचा अर्थ त्याच्या प्रकरणात असतो.

सिडकोने १९७० नंतर वसविलेल्या नव्या मुंबईत एखादा उपदेशी कामावरून परतून निरूपणास बसतो आणि पुसतो, ‘हे वचन कोणास, कोणत्या प्रसंगी?’ महात्म्यास सूत्र मुखोद्गत असते. प्रकरण मात्र विद्यार्थिदशेतच मागे राहिलेले. मग संन्यस्ताला सांगितलेला आचार गृहस्थाच्या माथी बसतो, आणि तो बिचारा स्वतःस दोषी मानून घरी जातो! अशा वेळी ‘पाहून सांगतो’ म्हणण्यात उणेपणा कसला? वडील महंतांना विचारावे, लीळा पुन्हा काढावी, आणि पुढल्या खेपेस त्याच उपदेशीयास उत्तर द्यावे.