निकाल आणि उत्तर

सकाळी कचेरीत येऊन यंत्र उघडावे, तो रात्रीतून साठ-सत्तर पत्रे येऊन पडलेली असावीत आणि त्यांतील निम्मी केवळ 'माहितीस्तव' धाडलेली असावीत, हा अनुभव आता मुंबई-पुण्यापुरता राहिला नसून आमच्या वाशिमासही नित्याचा झाला आहे. 1971 साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्यातील एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठविले, तेव्हापासून पत्रास ना कागद लागतो, ना तिकीट. जो खर्च पूर्वी धाडणारा सोशीत असे, तो आता वाचणाऱ्याच्या वेळेतून वसूल होतो.

या पुरावरील उपाय आमच्या सरकारी कचेऱ्यांस अपरिचित नाही. महाराष्ट्रात लिपिकास सहा गठ्ठ्यांची पद्धत शिकविली जाते. बारनिशीत नोंद होऊन कागद मेजावर आला की तो प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेशाचा, अभिलेख कक्षात धाडावयाचा की नष्ट करावयाचा, हे ठरवावयाचे. ही वाटणी विषयांची नसून पुढील कृतीची आहे, आणि तिचे शहाणपण यातच आहे. ई-मेलासही ती जशीच्या तशी लागू पडते. दिवसातून दोन ठरीव वेळी बसून अशी निवड केल्यास आठवड्याभरात पेटी हलकी होते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

परंतु प्रतीक्षाधीन हा गठ्ठा मोठा फसवा आहे. त्यात कागद टाकणाऱ्यास आपले काम संपले असे वाटते. कारण यापुढे चूक झालीच, तर ती दुसऱ्याची. गेल्या पावसाळ्यात मानोरा तालुक्यातील एका बाईंचे पत्र आम्हांस आले. पतीच्या निधनानंतर एका दाखल्यावरील नाव दुरुस्त करून हवे होते. मजकूर शेजारच्या मुलाकडून टंकून घेतलेला. आम्ही ते त्याच दुपारी दुसऱ्या शाखेकडे 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' अग्रेषित केले, आणि त्या सायंकाळी आमची पेटी रिकामी झाली म्हणून आम्हांस समाधानही वाटले! तीन आठवड्यांनी बाई एका दिवसाची मजुरी बुडवून स्वतः दाराशी आल्या. "कागद पोचला का साहेब, येवढंच इचारायले आली." चौकशी केली, तो दुसऱ्या शाखेनेही पत्र तिसरीकडे धाडलेले निघाले. कोणाचीच पेटी भरलेली नव्हती.

2005 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः कामाच्या सात दिवसांहून अधिक राहू नये. नियम चांगलाच आहे. पण आमच्याकडे ती सात तासही राहिली नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाचा आमच्या वेळेवर हक्क मानला तर आम्ही जेवावे केव्हा? आक्षेप खरा आहे. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर अशा निरोपांपासून अलिप्त राहण्याचा हक्क 2017 पासून कायद्यात आला, आणि सुप्रियाताई सुळे यांनी 2018 साली तशाच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. रात्री दहाच्या पत्रास रात्रीच उत्तर देणे हा काही धर्म नव्हे. तसेच चाळीस जणांस प्रत धाडणाऱ्याने आपणांस वस्तुतः काही विचारलेलेच नसते. त्याचे पत्र न वाचता नष्ट केले तरी आम्ही त्यात पाप मानीत नाही. पण ज्याने एकट्या आपणांसच विचारले, त्याचे ऋण 'अग्रेषित' या शब्दाने कसे फिटावे? पत्र पुढे गेल्याने त्याच्या हाती काय पडले?

हल्ली आम्ही अशा पत्रावर दोन ओळी मराठीत लिहितो: आपला कागद कोठे गेला, आणि पुन्हा केव्हा विचारावे. तेथून उत्तर येईतो तो पेटीतून हलवीत नाही. यामुळे आमची पेटी कधीच रिकामी होत नाही, आणि मासिक आढाव्यात वरिष्ठांस ती संख्या खटकते. आज सायंकाळी तीत चौतीस पत्रे आहेत. एक मानोऱ्याचे आहे; दाखला अजून दुरुस्त होऊन आलेला नाही.