व्रणाचे माप आणि निर्णयाचे ओझे

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, अशी आपली एक म्हण आहे. जे डोळ्यांसमोर आहे त्याला वेगळा पुरावा कशाला, हा तिचा आशय. सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या देहावर मात्र दोन व्रण असतात आणि ही म्हण त्यांतल्या एकालाच लागू पडते. पोटावरचा व्रण तिला रोज दिसतो. तो भरला की नाही हे सांगायला कोणी लागत नाही. गर्भाशयाच्या भिंतीवरचा दुसरा व्रण मात्र तिलाही दिसत नाही आणि वैद्यालाही दिसत नाही. पुढच्या बाळंतपणाची सारी चिंता या दुसऱ्या व्रणाभोवती असते. आज सोनोग्राफीच्या आरशात तो पाहता येतो, मिलिमीटरमध्ये मोजताही येतो. मोजता आल्यामुळे काय करावे हे कळते काय, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा व्रण अदृश्य होता तोवर त्याच्याविषयीचे निर्णय सरसकट नियमाने होत. १८८२ पर्यंत गर्भाशयाची चीर बहुधा शिवलीच जात नसे. त्या वर्षी जर्मनीतील माक्स झेंगर यांनी ती काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत मांडली आणि आई जगण्याची आशा खऱ्या अर्थाने निर्माण झाली. १९१६ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर एडविन क्रेगिन यांनी, एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच, अशा आशयाचे विधान केले. त्यांचा रोख मुळात पहिली शस्त्रक्रिया विनाकारण होऊ नये यावर होता. लोकांनी त्यातील इशारा सोडला आणि नियम तेवढा उचलला. त्या काळी चीर गर्भाशयाच्या वरच्या भागात उभी घेतली जाई आणि कळांच्या जोरात ती उसवण्याचे भय मोठे होते. १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या भागातील आडव्या चिरेचा पुरस्कार केला आणि ते भय पुष्कळ कमी झाले. अशा एका चिरेनंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे दोनशेंत एकीचा व्रण फाटतो आणि शंभरांतील ७२ ते ७५ जणींची प्रसूती नैसर्गिक रीतीने पार पडते, असे ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे २०१५ चे मार्गदर्शन सांगते. तथापि ती दोनशेंतली एक कोण, हे आधी ओळखता येत नव्हते. सर्वांना एकच नियम लावण्याचे मूळ या अज्ञानात होते.

ज्या ग्लासगोत कर यांनी काम केले, तेथेच पुढे या अज्ञानावरचा उपाय जन्मला. १९५५ मध्ये इयन डोनाल्ड यांनी बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात जाऊन, धातूतील दोष शोधणारे ध्वनियंत्र शरीरातून काढलेल्या गाठींवर लावून पाहिले. १९५८ मध्ये त्यांचा प्रसिद्ध निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. पत्र्याच्या सांध्यातील चीर हुडकणारे यंत्र काही दशकांनी स्त्रीच्या देहातील सांधा तपासू लागले. धातूच्या पत्र्यात दोष आढळला तर तो बाजूला टाकायचा, एवढाच प्रश्न कारखान्यापुढे असतो. येथे सांधा एका जाणत्या व्यक्तीच्या देहातला आहे. तिला भय आहे, इच्छा आहे आणि स्वतःचे मत आहे.

या व्रणाची पाहणी दोन वेगळ्या वेळी होते. एक, शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, गर्भ नसताना. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत व्रणाच्या जागी किमान दोन मिलिमीटर खोल खळगी दिसली, तर तज्ज्ञ तिला ‘नीश’ म्हणतात, आणि खळगीवर उरलेल्या स्नायूची जाडीही मोजतात. दुसरी पाहणी पुढच्या गरोदरपणाच्या अखेरीस, गर्भाशयाचा खालचा भाग ताणून पातळ झालेला असताना. १९९६ मध्ये फ्रान्समधील ६४२ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या भागाची जाडी ३.५ मिलिमीटर ही सीमा धरली होती. जाडी त्याहून अधिक असेल तर व्रण धड असण्याचा भरवसा शेकडा ९९ हून अधिक निघाला. जाडी कमी भरली, त्यांच्यापैकी मात्र शेकडा १२ जणींच्याच व्रणात प्रत्यक्षात फाट किंवा उसवण आढळली. नंतरच्या अभ्यासांनी निरनिराळ्या सीमा सुचवल्या. सर्वमान्य असा एक आकडा अद्याप ठरलेला नाही.

या दोन आकड्यांतला भेद आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत नेमका सांगता येतो. पडद्यावरची प्रतिमा प्रत्यक्षासारखी भासते. वस्तुतः ती परत आलेल्या ध्वनीवरून बांधलेली असते. तिच्यावरून पुढच्या कळांत व्रण टिकेल की नाही हे सांगणे, हे तर निखळ अनुमान. धुरावरून अग्नीचे अनुमान खरे ठरते, कारण जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती अबाधित आहे. जाड व्रणावरून निर्धोकपणाचे अनुमान या व्याप्तीच्या बरेच जवळ जाते. पातळ व्रणावरून फुटीचे अनुमान मात्र शंभरांत अठ्ठ्याऐंशी वेळा चुकते. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतील. म्हणजे हे यंत्र अभय देण्यात जितके विश्वासू आहे, तितके भय दाखवण्यात नाही. आणि तरीही कागदावर दोन्ही आकडे एकाच ठशात, सारख्याच अधिकाराने छापून येतात. नैतिक घोटाळ्याचा आरंभ येथे होतो.

खळगीचीच गोष्ट घ्या. निरनिराळ्या पाहण्यांत सिझेरियन झालेल्या स्त्रियांपैकी शेकडा २४ ते ७० जणींना ती आढळली आहे. काहींना तिच्यामुळे पाळीनंतर दिवसचे दिवस डाग जातात, काहींना पुन्हा दिवस राहण्यास अडचण येते. त्यांच्या दृष्टीने हे निदान म्हणजे वर्षानुवर्षांच्या कुरकुरीला मिळालेले उत्तर होय. नव्या गर्भाने व्रणातच मूळ धरले किंवा वार व्रणात रुतली, तर ते लवकर कळल्याने प्राण वाचतो. तेथे पाहणे हे कर्तव्यच आहे. परंतु जिला कसलीही तक्रार नाही, तिच्या अहवालात ‘व्रणदोष’ असा शब्द लिहिला की निरोगी बाई एका रात्रीत रुग्ण होते. देहात बदल काहीच होत नाही. बदलतो तो तिचा स्वतःच्या देहावरचा विश्वास. वैद्याच्या शब्दाने असे काही घडत असेल, तर शब्द निवडणे हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

आता दुसरी बाजू. वैद्याचे भय खोटे नाही. मध्यरात्री व्रण फाटला, भूलतज्ज्ञ दूर आहे आणि रक्तपेढी शेजारच्या गावी आहे, अशा वेळी मिनिटे मोजावी लागतात. ज्या दवाखान्यात ही सोय नाही, तेथील डॉक्टराने धोका पत्करू नये हे न्याय्यच आहे. अशा वेळी त्याने आपल्याकडे सोय नाही असे सांगावे. तुमचा व्रण पातळ आहे असे सांगू नये. पहिल्या वाक्यात व्यवस्थेची उणीव मान्य होते. दुसऱ्यात ती स्त्रीच्या देहावर ढकलली जाते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रसूतींपैकी शेकडा २१.५ सिझेरियनने झाल्याचे आढळले. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ होते. आपली घराणी जेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत त्या प्रांतांचे आकडे पाहिले, तर मध्य प्रदेशात १२.१, गुजरातेत २१, कर्नाटकात ३१.५, गोव्यात ३९.५ आणि तेलंगणात ६०.७. हैदराबादच्या सुनेचे गर्भाशय इंदूरच्या सुनेहून इतके वेगळे असू शकत नाही. देहाखेरीज अन्य पुष्कळ गोष्टी येथे निर्णय घेत आहेत, एवढे तरी हे आकडे सांगतात.

त्या अन्य गोष्टींत आपण कुटुंबीयही येतो. अहवाल बहुधा आधी नवरा वाचतो, मग सासूबाई, मग दूरध्वनीवरून माहेर. मुहूर्त काढून शस्त्रक्रियेची वेळ मागणारी सुशिक्षित घरे आपल्यातही आहेत. याच यंत्राला आपल्या समाजाने एकेकाळी भलताच प्रश्न विचारला, म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राला आणि १९९४ मध्ये केंद्राला गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला. त्या कायद्याखाली भरावयाच्या ‘एफ’ नमुन्यात सोनोग्राफीची जी मान्य कारणे छापली आहेत, त्यांत आधीच्या सिझेरियनच्या व्रणाची तपासणी हेही एक आहे. प्रश्न कोणता विचारावा, एवढे कायदा ठरवू शकतो. उत्तर कोणाच्या हाती द्यावे, हे शील आपल्यालाच अंगी बाणवावे लागते.

माझ्या मते हा आकडा सर्वप्रथम त्या स्त्रीचा आहे, आणि तो तिला अर्थासह मिळणे हा तिचा हक्क आहे. अर्थासह म्हणजे तो किती वेळा चुकतो हे सांगून. या दवाखान्यात काय सोय आहे हे सांगून. पुन्हा शस्त्रक्रिया केल्यास पुढच्या गरोदरपणी वार व्रणात रुतण्याचे भय वाढते हेही सांगून. याला अलीकडच्या अनुभवाचाही आधार आहे. फ्रान्समध्ये केवळ मोजमापावरून प्रसूतीची रीत ठरवून पाहिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ठाम म्हणावा असा लाभ दिसला नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील ४० रुग्णालयांच्या प्रयोगात मात्र मोजमापाला डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची आणि स्त्रीशी विचारविनिमय करण्याच्या साधनांची जोड दिली होती. तेथे नवजात बालकांना होणारी गंभीर इजा घटली. यश कशाचे किती, हे वेगळे काढता येणार नाही. तरीही मुक्या आकड्याहून बोलका आकडा अधिक उपयोगी पडला, असे म्हणण्यास जागा आहे.

यावर कोणी म्हणेल की, घाबरलेल्या गर्भवतीवर शक्यतांचे गणित लादणे ही निर्दयता आहे; तिने विश्वासाने डॉक्टरांवर सोपवावे हेच बरे. हा आक्षेप हलका नाही. सर्व ऐकून घेऊन, ‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा’ असे म्हणणारी स्त्रीही निर्णय घेतच असते, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. फक्त तो विश्वास तिने दिलेला असावा, तिच्या अज्ञानातून परस्पर घेतलेला नसावा. आपल्या घरातील लेकीसुनांचा असा अहवाल पुढे येईल, तेव्हा कागद प्रथम तिच्या हाती द्यावा, डॉक्टरांकडे तिच्यासोबत बसावे, आणि प्रश्न तिला विचारू द्यावेत. व्रण तिच्या देहावर आहे. त्याची किंमत तिने एकदा मोजली आहे.