उशिरा पोहोचलेले वीर

२३ जुलै २०२१ रोजी टोकियोच्या रिकाम्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये देशोदेशीचे खेळाडू संचलनासाठी आत येऊ लागले, तेव्हा पहिली धून वाजली ती ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमची. कोइची सुगियामा यांनी १९८६ साली रचलेली ही धून जपानमधल्या तीन पिढ्यांच्या कानांत बसलेली आहे. राष्ट्राने जगासमोर स्वतःची ओळख म्हणून ती वाजवावी यात जपानी माणसाला काही वावगे वाटले नाही. अमेरिकेत आणि युरोपात मात्र हा गेम कायम बेताचाच खपत आला. २००९ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ९’च्या जगभरात ५० लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि त्यांतल्या ४० लाखांहून अधिक एकट्या जपानात. परदेशांतला हा खपसुद्धा या मालिकेसाठी मोठे यश मानला गेला.

यावरून काढला जाणारा निष्कर्ष ठरलेला आहे: जपानी रोल-प्लेइंग गेम पाश्चात्त्यांच्या प्रकृतीला मानवत नाहीत. आळीपाळीने वार करायची लढाई त्यांना संथ वाटते, मोठ्या डोळ्यांची किशोरवयीन पात्रे बालिश वाटतात, पन्नास-साठ तासांचे कथानक वाचत बसण्याची त्यांची तयारी नसते. हे स्पष्टीकरण सोपे आहे, पण मला ते पटत नाही. विक्रीचा इतिहास नीट पाहिला तर ग्राहकाच्या आवडीआधी विक्रेत्याचे निर्णय समोर येतात.

मुळात हा प्रकार अमेरिकेतूनच जपानात गेला. एनिक्स कंपनीच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेत जिंकलेले युजी होरी आणि कोइची नाकामुरा १९८३ साली सॅन फ्रान्सिस्कोला ॲपलच्या प्रदर्शनात गेले आणि तिथे त्यांना ‘विझर्ड्री’ हा गेम भेटला. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे दोन्ही अमेरिकन गेम घरगुती कॉम्प्युटरवर चालत. अवघड होते, कीबोर्डवर हात बसलेल्यांसाठीच होते. होरींनी त्यांतले मर्म घेतले आणि ते ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये दोन-चार बटणांच्या कंट्रोलरवर, कोणत्याही शाळकरी मुलाला जमेल असे मांडले. हातांची चपळाई नसली तरी चालेल, चिकाटी असली की वीर हळूहळू बलवान होतो आणि शेवटी जिंकतो, ही त्यांची योजना होती. होरी ‘शोनेन जंप’ या प्रचंड खपाच्या साप्ताहिकात गेमविषयी लिहीत. त्याच साप्ताहिकात ‘ड्रॅगन बॉल’ काढणारे अकिरा तोरियामा यांनी या गेमची पात्रे आणि राक्षस रेखाटले. म्हणजे गेम दुकानात येण्याआधीच मुलांच्या ओळखीचा झाला होता. १९८८ साली तिसरा भाग आला तेव्हा शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या छापून आल्या. (त्यानंतर सरकारने कायदा करून कामाच्या दिवशी विक्रीवर बंदी आणली, ही मात्र दंतकथा आहे.)

आता हाच गेम अमेरिकेत कसा पोहोचला ते पाहा. पहिला भाग तिथे आला १९८९ साली, म्हणजे तीन वर्षांनी. नाव बदलून ‘ड्रॅगन वॉरियर’ झालेले. वेष्टनावर तोरियामांची रेखाटने नव्हती, त्याऐवजी युरोपीय धाटणीचा चिलखती सरदार होता. तोरियामांचे नाव तेव्हा अमेरिकन मुलांना माहीतही नव्हते, कारण ‘ड्रॅगन बॉल’ची तिथली लाट यायला अजून जवळपास दहा वर्षे होती. जपानात तिसरा भाग खेळून झालेला असताना अमेरिकन मुलाच्या हाती पहिल्या भागाची जुनाट दिसणारी चित्रे आली. प्रती उरल्या आणि निन्तेंडोने त्या आपल्या ‘निन्तेंडो पॉवर’ मासिकाच्या वर्गणीबरोबर फुकट वाटल्या. पुढे एनिक्सने अमेरिकेतले कार्यालयच बंद केले. १९९२चा पाचवा भाग अमेरिकेत अधिकृतपणे पोहोचला २००९ साली आणि १९९५चा सहावा २०११ साली. युरोपात तर या मालिकेचा कोणताही क्रमांकित भाग २००६पर्यंत आलाच नव्हता आणि तेव्हा आला तो थेट आठवा. जी मालिका वीस वर्षे कोणी दाखवलीच नाही, ती आठव्या भागापासून बघणाऱ्याने पहिल्या भागातल्या धुनेवर गहिवरावे अशी अपेक्षा कशी करायची?

‘फायनल फँटसी’ची कथा निराळी वाटते, पण तीही याच दिशेला बोट दाखवते. तिचा दुसरा, तिसरा आणि पाचवा भाग त्या काळी अमेरिकेत आलेच नाहीत. चौथ्याला तिथे ‘दोन’ म्हटले गेले आणि सहाव्याला ‘तीन’. मधल्या काळात, अमेरिकनांना मूळ गेम झेपणार नाही असे गृहीत धरून ‘मिस्टिक क्वेस्ट’ नावाचा सोपा करून ठेवलेला गेम १९९२ साली त्यांच्यासाठी मुद्दाम काढला गेला. ग्राहकाविषयी इतकी खालची अपेक्षा ठेवून त्याच्याकडून प्रेमाची आशा करता येत नाही.

मग १९९७ उजाडले. सातवा भाग सोनीच्या प्लेस्टेशनवर आला, तीन सीडींत, मोठ्या जाहिरात मोहिमेसह. युरोपात पोहोचलेला हा पहिला क्रमांकित भाग. चालणार नाही म्हणून सांगितले जाणारे सगळे त्यात होते: आळीपाळीची लढाई, वाचायला भरपूर संवाद, भल्यामोठ्या तलवारीचा गोंधळलेला तरुण नायक. जगभरात त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती गेल्या आणि त्यांत अमेरिका-युरोपाचा वाटा मोठा होता. लोकांची प्रकृती एका वर्षात बदलत नाही. बदलला तो विकणाऱ्याचा आत्मविश्वास.

दुसऱ्याच वर्षी पोकेमॉनने हे अधिक ठळक केले. पोकेमॉन रोल-प्लेइंग गेमच आहे, तोही आळीपाळीने लढायचा, हे आपण सहसा विसरतो, आणि ‘हा प्रकार पश्चिमेत खपत नाही’ असे म्हणणारे तर तो हिशोबातही धरत नाहीत. अमेरिकेत सप्टेंबर १९९८मध्ये आधी टीव्हीवर मालिका सुरू झाली आणि तीन आठवड्यांनी गेम आला. जपानात ‘शोनेन जंप’ने जे काम केले होते ते इथे टीव्हीने केले. वर्गातल्या सगळ्यांना एकाच वेळी माहीत असलेली गोष्ट मुलांना मिळाली. आपल्याकडेही कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन पाहत वाढलेली पिढी आहे. तिच्यातल्या अनेकांनी मूळ गेम पाहिलाही नव्हता, तरी पात्रे तोंडपाठ होती. लहानपणी आणि सगळ्यांबरोबर झालेल्या या ओळखीचा परिणाम कोणत्याही जाहिरातीपेक्षा खोल असतो.

खरा फरक आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत रोल-प्लेइंगचा उगम १९७४च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये, टेबलाभोवती बसून आपले पात्र आपणच घडवण्यात आहे. त्यामुळे तिथल्या खेळाडूला वाटते की भूमिका म्हणजे मी जे करीन ते. १९९७चा ‘फॉलआउट’ घ्या किंवा २०११चा ‘स्कायरिम’, हेच स्वातंत्र्य त्यांचा प्राण आहे. जपानात याच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा प्रसार झाला तो निराळ्या वाटेने. १९८६पासून ‘कॉम्पटिक’ या मासिकात काही जण खेळलेल्या डावाचा वृत्तान्त क्रमशः छापला जाऊ लागला. त्यातून ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ ही कादंबरीमालिका जन्मली. पुष्कळ जपानी वाचकांनी हा खेळ खेळण्याआधी वाचला. कोणीतरी रचलेल्या पात्राच्या सुखदुःखात शिरण्याची गोडी जपानी गेममध्ये दिसते, तिचे एक मूळ मला इथे दिसते. स्वातंत्र्याच्या अपेक्षेने आलेल्या अमेरिकन खेळाडूला २००९च्या ‘फायनल फँटसी १३’मधल्या सरळ बोळांत कोंडल्यासारखे झाले, ही तक्रार खोटी नव्हती.

पण फरक म्हणजे भिंत नव्हे. दुरावा वाढवला तो यंत्रांनी आणि कंपन्यांच्या निर्णयांनी. २००६नंतर जपानी खेळाडू हातात धरायच्या छोट्या कन्सोलकडे वळला आणि पाश्चात्त्य खेळाडू मोठ्या टीव्हीकडे. ‘पर्सोना ४’ २००८ साली प्लेस्टेशन २वर आला, पुढचे यंत्र बाजारात येऊन जवळपास दोन वर्षे झालेली असताना. ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ जपानात २०१० साली आला. अमेरिकेत तो आणावा म्हणून चाहत्यांना ‘ऑपरेशन रेनफॉल’ नावाची मोहीम चालवावी लागली, तेव्हा कुठे २०१२ साली तो तिथे मिळाला. खपत नाही म्हणून आणायचे नाही आणि आणले नाही म्हणून खपत नाही, हे चक्र कंपन्यांनीच फिरते ठेवले. याच वर्षांत पाश्चात्त्य समीक्षकांच्या लेखी ‘जे-आरपीजी’ (जपानी रोल-प्लेइंग गेम) हा शब्द मागासलेपणाचा शिक्का झाला. आपल्याला हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा भेदभावाचा वाटला, असे ‘फायनल फँटसी १६’चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ साली सांगितले. मला त्यांचे दुःख समजते. तरीही त्यांच्याच गेमने आळीपाळीची लढाई टाकून वेगवान मारामारी स्वीकारली, ही गोष्ट मला अधिक खटकते. शिक्का मारणाऱ्याचे म्हणणे त्यातून अर्धे मान्य झाल्यासारखे होते.

त्याच वर्षी बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट ३’ आला, संपूर्णपणे आळीपाळीच्या लढाईचा, आणि पश्चिमेने तो डोक्यावर घेतला. एप्रिल २०२५मध्ये फ्रान्समधल्या मोंपेलिए इथल्या सँडफॉल या लहान स्टुडिओने ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३’ काढला. जुन्या ‘फायनल फँटसी’वरचे आपले प्रेम या मंडळींनी उघड सांगितले आहे. तीन दिवसांत त्याच्या दहा लाख प्रती गेल्या. नव्वदच्या दशकात जपानी गेमवर वाढलेली युरोपीय मुले आता स्वतः तसे गेम करू लागली आहेत. ज्यांना ते आवडणारच नाहीत असे म्हटले जात होते, तीच ही मुले. जपानी कंपन्यांपैकी ॲटलसने योग्य तो बोध घेतला असे मला वाटते. ऑक्टोबर २०२४मध्ये ‘मेटाफर: रीफँटाझिओ’ त्यांनी जपानात आणि जगभर एकाच दिवशी आणला, लढाईची जपानी घडण न सोडता, आणि पहिल्याच दिवशी दहा लाखांचा आकडा गाठला.

‘ड्रॅगन क्वेस्ट १२’ची घोषणा मे २०२१मध्ये झाली, जगभर एकाच वेळी आणण्याच्या वचनासह. त्याच वर्षी सुगियामा गेले आणि २०२४च्या मार्चमध्ये तोरियामा. मूळ तिघांपैकी होरी उरले आहेत. आज्ञा देऊन लढायची जुनी पद्धत या भागात बदलणार असल्याचे त्यांनी घोषणेच्या वेळी सांगितले होते. हा बदल पाश्चात्त्यांना आवडावे म्हणून होणार असेल तर तो करू नये, असे मला कळकळीने वाटते. त्या पद्धतीने पश्चिमेत ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे नुकसान केल्याचा पुरावा कुठेच नाही, नुकसान केले ते अमेरिकेतल्या सतरा वर्षांच्या आणि युरोपातल्या वीस वर्षांच्या उशिराने, आणि एकाच दिवशीच्या प्रकाशनाने त्यावरचा इलाज कंपनीने आधीच हाती घेतला आहे.