नामाची लय आणि रागाची लय

एकच रचना दोन कलावंतांनी दोन वेगळ्या गतींत सादर केली, तर श्रोत्यांपुढे एकच कृती आली की दोन, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीचा म्हणून सोडून देण्याची प्रथा असली, तरी तो मुळात वस्तूच्या ओळखीचा, म्हणजे तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. युरोपात 19व्या शतकातल्या सिंफनींच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या आणि बहुधा चार खंडांच्या दीर्घ रचनांच्या संदर्भात त्यावर पुष्कळ वाद झाला. बेथोवनने 1817 मध्ये आपल्या आठ सिंफनींसाठी मेट्रोनोमचे, म्हणजे मिनिटाला ठराविक ठोके देणाऱ्या यंत्राचे, आकडे प्रसिद्ध केले, तरीही वाद मिटला नाही. वाग्नरने 1869 मध्ये वाद्यवृंदाच्या संचालनावर लिहिताना खरी गती रचनेच्या गाण्यातूनच शोधावी लागते असे मत मांडले, आणि पुढे वाद्यवृंद-संचालकांपैकी तोस्कानिनीची काटेकोर गती व फुर्टवेंगलरची प्रवाही गती यांवरून रसिकांचे दोन तट पडले. ब्रूकनरची आठवी सिंफनी सामान्यतः 80 मिनिटांच्या आसपास संपते. संचालक चेलिबिडाकेच्या म्यूनिकमधील सादरीकरणात तिला शंभराहून अधिक मिनिटे लागली. रचनाकाराचा आकडा हाती असूनही जिथे एकमत होत नाही, तिथे आकडाच नसलेल्या परंपरेत ‘योग्य गती’ कशाच्या आधारे ठरते, याचे उत्तर तमिळनाडूतल्या कावेरीकाठच्या कुंभकोणमच्या परिसरात शोधणे अधिक फलदायी ठरते, कारण गतीकडे पाहण्याच्या दोन अगदी निराळ्या दृष्टी तेथे शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

बेथोवनचे समकालीन असलेले कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज (1767–1847) यांच्या शिष्यपरंपरांपैकी एक उमयाळपुरम या कुंभकोणमजवळच्या गावची असून, कृष्ण भागवतर आणि सुंदर भागवतर या बंधूंकडून ती उमयाळपुरम स्वामिनाथ अय्यर यांच्याकडे आणि त्यांच्याकडून सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांच्यापर्यंत आली. गुरूकडून मिळालेल्या रचनेच्या विशिष्ट रूपाला तिकडे ‘पाठांतर’ म्हणतात आणि त्या रूपात शब्द व स्वर यांच्याबरोबर रचनेची चालही येते. एकदा धरलेली गती शेवटपर्यंत न ढळू देण्याच्या गुणाला ‘कालप्रमाण’ अशी संज्ञा आहे. हिंदुस्थानी संगीतात विलंबित ख्याल हळूहळू चढत जातो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. कर्नाटक पद्धतीत मात्र कृती, म्हणजे तिकडची रागबद्ध रचना, गाताना लय पळाली, तर ते कच्चेपणाचे लक्षण समजले जाते. गायकाला गती निवडण्याची मुभा आहे, पण निवड झाल्यावर ती मोडण्याची नाही.

त्याच परिसरातले मरुदानल्लूर हे सद्गुरू स्वामींचे गाव आहे. दक्षिणेतील भजन-संप्रदायाला, म्हणजे ठराविक क्रमाने सामूहिक नामसंकीर्तन करण्याच्या पद्धतीला, त्यांनीच व्यवस्थित रूप दिले. गोविंदपुरमचे बोधेंद्र आणि तिरुविसनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ यांनी नाममाहात्म्याचा जो सिद्धांत मांडला होता, त्याला या क्रमामुळे गाण्याचा आकार मिळाला आणि त्यात जयदेवाच्या अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग व पुरंदरदासांची पदे यांच्या जोडीला मराठी अभंगही आले. तंजावरला 1855 पर्यंत भोसल्यांचे राज्य असल्याने अभंग तेथे परका राहिला नव्हता. या भजनात नामावळी संथ सुरू होते, जमाव ती उचलून धरतो, लय चढत जाते आणि शेवटी दुगुणीत, म्हणजे दुप्पट गतीत, पोहोचते. कृतीत जो दोष ठरला असता, तो येथे गुण ठरतो, आणि पुष्कळदा मृदंगावर बसलेला वादकही एकच असतो. सकाळच्या मैफलीत जी लय त्याने रोखून धरली, ती संध्याकाळच्या भजनात तो स्वतःच पुढे ढकलतो.

या विसंगतीचा उलगडा व्याकरणशास्त्रातल्या एका जुन्या चर्चेत सापडतो. शिक्षाग्रंथांनी, म्हणजे वेदोच्चाराचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांनी, पठणाच्या तीन वृत्ती सांगितल्या आहेत: स्वतःच्या आवृत्तीसाठी द्रुत, यज्ञातल्या प्रयोगासाठी मध्यम आणि शिष्याला शिकवण्यासाठी विलंबित. गोविंद दीक्षितांच्या नावाशी जोडलेल्या वेदपाठशाळेच्या कुंभकोणमला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नसावा. मंत्र तोच, कशासाठी म्हणायचा, त्यावर गती ठरते. पतंजलीने महाभाष्यात नेमकी अडचण काढली: ऱ्हस्व आणि दीर्घ स्वरांत काळामुळे फरक पडतो, तर मग द्रुत आणि विलंबित उच्चारात वर्ण बदलत कसा नाही? वर्ण स्थिर असतात आणि वक्त्याच्या सावकाश किंवा झटपट बोलण्याने केवळ वृत्ती बदलते, असे त्याचे उत्तर आहे. त्यासाठी तो भेरीचा दृष्टांत देतो: नगारा वाजवून कोणी वीस पावले जाईपर्यंत नाद टिकतो, कोणी तीस, कोणी चाळीस, वाढतो तो ध्वनी, स्फोट मात्र तेवढाच राहतो. स्फोट म्हणजे शब्दाचे ते अखंड रूप, जे कानावर पडणाऱ्या ध्वनीतून प्रकट होते. भर्तृहरीने पुढे ध्वनीचेच दोन प्रकार केले. ज्याच्यामुळे वर्ण ओळखता येतो आणि ज्यात ऱ्हस्व-दीर्घाचा काळ सामावलेला असतो तो प्राकृत ध्वनी. त्यानंतर रेंगाळणारा आणि वृत्तिभेदाला कारण होणारा तो वैकृत ध्वनी.

नामसंकीर्तनाला हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो. विठ्ठल हे नाव संथ घेतले काय आणि दुगुणीत घेतले काय, ते तेच नाव राहते. गती ही वैकृत ध्वनीची बाब असल्याने ती जमावाच्या उत्साहावर सोडण्यात शास्त्रदृष्ट्या काहीच बिघडत नाही. राग मात्र वर्णासारखा वागत नाही. कर्नाटक तोडी रागात हिंदुस्थानी भैरवीचेच स्वर आहेत, परंतु भैरवीतला कोमल गंधार जिथे स्थिर ठेवता येतो, तिथे तोडीचा गंधार ऋषभाच्या बाजूने सतत झुलता राहतो, आणि हा झोका, म्हणजे गमक, पुरा व्हायला वेळ लागतो. गती वाढली की झोका आखडतो, आणखी वाढली की नुसता धक्का उरतो. तेव्हा बदलतो तो नादाचा विस्तार नव्हे, खुद्द स्वर. म्हणजे येथे काळ ऱ्हस्व-दीर्घासारखा प्राकृत ध्वनीतच शिरलेला आहे. सेम्मंगुडींचे आरंभीचे गुरू तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव हे गोट्टुवाद्य वाजवत, ज्यात पडदे नसतात आणि लाकडी गोटी तारेवर सरकवून स्वर काढला जातो. एका स्वरातून दुसऱ्यात जाण्याचा मार्ग जिथे हाताला प्रत्यक्ष चालावा लागतो, तिथे गती ही केवळ आवडीची गोष्ट कशी राहील? चेलिबिडाकेही जवळजवळ हेच म्हणत असे: नादात जितके अधिक तपशील, तितका ते ऐकू यायला वेळ अधिक लागतो. त्याच्या ब्रूकनरला कंटाळणारे श्रोते आणि एम. डी. रामनाथन यांच्या अतिविलंबित गायनाला कंटाळणारे श्रोते यांची तक्रार एकच असली, तरी ती कलावंताच्या लहरीविरुद्ध नसून ऐकण्याच्या एका मागणीविरुद्ध आहे, हे बहुधा त्यांच्या ध्यानात येत नाही.

मात्र संथ म्हणजे शुद्ध, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. शार्ङ्गदेवाने देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असताना 13व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला; त्यात तालाच्या एका क्रियेनंतरच्या विश्रांतीला लय म्हटले आहे आणि मात्रेचे माप पाच लघु अक्षरांच्या उच्चाराइतके सांगितले आहे. माप यंत्राचे नसून माणसाच्या वाणीचे असल्यामुळे, ती विश्रांती किती असावी हे गाणाऱ्याच्या श्वासावर आणि ऐकणाऱ्याच्या तयारीवर अवलंबून राहणारच. अरियक्कुडी रामानुज अय्यंगार यांनी 20व्या शतकात मध्यमकालाला, म्हणजे मध्यम गतीला, मैफलीचा कणा बनवले, ते गमकाचा बळी देऊन नव्हे. मुत्तुस्वामी दीक्षितांच्या कृतींत तर संथ चालीच्या अखेरीस मध्यमकाल-साहित्य येते: ताल तसाच राहतो, शब्द मात्र दुप्पट दाट होतात, आणि कालप्रमाण न मोडता वेगाचा अनुभव मिळतो. वेग आणि घाई यांतला फरक याहून चोख कोणी दाखवलेला नाही.

पण या दोन दृष्टींच्या संदर्भात सर्वांत अवघड ठरतात ती त्यागराजांची घनराग पंचरत्ने, म्हणजे पाच घनरागांतल्या पाच कृती. भजनासाठी त्यांनी सोप्या चालींच्या दिव्यनामकृती वेगळ्या रचल्या होत्या. पंचरत्ने मात्र विद्वानांच्या गळ्यासाठी आहेत. तरीही तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीपाशी होणाऱ्या आराधनेत ती शेकडो गायक एकत्र गातात, तेव्हा बारीक गमके साहजिकच पुसली जातात आणि चाल जमावाला पेलेल तीच राहते. जाणकारांची त्यावरची नाराजी रागाच्या बाजूने रास्त आहे. परंतु समाधीसमोर बसलेला तो समुदाय श्रोत्यांना कृती ऐकवायला गात नसतो, आणि तेवढ्या वेळापुरती रागाच्या नियमाने बांधलेली रचना नामाच्या नियमात गेलेली असते. तीच पंचरत्ने त्याच गायकांपैकी एखादा संध्याकाळी एकट्याने गायला बसला, तर त्याला गंधाराचा हिशेब पुन्हा द्यावा लागेल.